शवासनापुरता विद्यार्थी

"चालू द्या बाई, मी हाय."

हे वाक्य ऐकू आलं की आमच्या योगवर्गातल्या सगळ्यांना कळायचं, आता तास संपत आला. सोसायटीच्या हॉलचं दार हळूच उघडायचं. बाहेर जाडजूड बूट काढून ठेवल्याचा आवाज यायचा. मग अंगावर कंपनीचं नारिंगी जाकीट, काखेत प्लॅस्टिकची रंगीत चटई असा हा चवड्यांवर आत यायचा, खिडकीखाली चटई पसरायचा, खिशातला रुमाल डोळ्यांवर घ्यायचा आणि आडवा व्हायचा. मी "उजव्या पायाचा अंगठा शिथिल सोडा" म्हणून गुडघ्यापर्यंत पोचायच्या आत त्याचं घोरणं सुरू झालेलं असायचं.

लग्नाला थेट पंगतीच्या वेळी उगवणारा एखादा पाहुणा तुमच्याही ओळखीत असेल. हा तसा शवासनाला उगवायचा. सूर्यनमस्कार नाहीत, प्राणायाम नाही. एकदा मी त्याला म्हटलं, "अरे, निदान ताडासन तरी करत जा." तो म्हणाला, "बाई, रातभर खुर्चीत ताठ बसूनच येतो. आता मना फक्त शेवटचं पान वाचू द्या."

मी निवृत्त शिक्षिका. पनवेलच्या एका शाळेत इतिहास शिकवला. माझा आवाज एका सुरात चालतो, वर जात नाही आणि खालीही येत नाही. दुपारच्या तासाला अर्धा वर्ग पेंगायचा. शिक्षकांच्या खोलीत माझ्या तासाला 'पाळणाघर' म्हणत, हेही मला माहीत होतं. ते टोचायचं. निवृत्तीनंतर योगाचे धडे घेतले आणि न्यू पनवेलच्या आमच्या सोसायटीत रोज सकाळी वर्ग सुरू केला, तेव्हा मनात होतं, आता तरी समोरची माणसं जागी राहतील.

हा पहिल्यांदा आला त्या दिवशी मी शवासनाच्या मध्येच थांबले आणि त्याला हलवून विचारलं, "कोण हो तुम्ही?" त्यानं रुमालाखालून उत्तर दिलं, "चालू द्या बाई, मी हाय." त्या सुरावरून मी ओळखलं. शाळेतला शेवटचा बाक, खिडकीजवळची जागा. खडू मारून उठवला की डोळेसुद्धा न उघडता हेच म्हणायचा.

वर्ग संपल्यावर त्यानं सगळा उलगडा केला. तो जवळच्याच ओवे गावचा, जुन्या वस्तीतला. द्रोणागिरीकडच्या एका कंटेनर यार्डात रात्रपाळीला कंटेनर उचलून एकावर एक रचायचं यंत्र चालवायचा. एका सोबत्याला आमच्या गल्लीत सोडायला आला आणि खिडकीतून माझा आवाज ऐकू आला.

"आवाज आला, आणि बाई, लगेच जांभई आली," तो म्हणाला. "तुमच्या तासाला जी झोप लागायची, तशी परत कुठं लागली नाय."

ही स्तुती होती की काय, हे मला घरी जाऊन चहा प्यायल्यावरही ठरवता आलं नाही.

वर्गात सगळ्यांनाच तो रुचला असं नाही. आमचे देसाई शिस्तीचे भोक्ते. बँकेत होते, त्यामुळे कोणी रांग सोडून आलं की त्यांना अजून त्रास होतो. ते म्हणाले, "बाई, हा योगवर्ग आहे, धर्मशाळा नाही. त्यांच्या घोरण्यानं माझं चित्त विचलित होतं." याला ते कळलं. दुसऱ्या दिवशी त्यानं चटई दाराशी टाकली आणि देसाईंसाठी गावाकडची काकडी आणली. काकडीचं चित्तावर काय होतं ते ठाऊक नाही, पण देसाई पुन्हा काही बोलले नाहीत आणि चटई आठवड्याभरात खिडकीखाली परत आली.

त्याला घरी झोप येत नाही हे समजल्यावर वर्गाला कामच मिळालं. तुम्ही चार निवृत्त माणसांसमोर नुसतं 'झोप नाही' म्हणून पाहा. म्हात्रेकाकूंनी जायफळ उगाळून दुधातून घ्यायला सांगितलं. देसाईंनी निजताना गरम पाण्यात पाय सोडायला सांगितलं. मी तळपायाला तिळाचं तेल चोळायला आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवायला सांगितलं. थंडी सुरू झाली तसे डिंकाचे लाडूही आले. हा भला माणूस, कोणाला नाही म्हणायचा नाही. सगळं करायचा आणि इमानदारीत अहवाल द्यायचा.

"काकू, जायफळ लागू पडलं. पण रातीला कामावर. दिवसा डोळे टक्क उघडे."

"देसाईसाहेब, पाय लय बरे झाले. झोप नाय, पण पाय बघा."

आणि खरंच तो पाय दाखवायचा. आम्ही हसायचो, तोही हसायचा. सगळे उपाय पालथ्या घड्यावर पाणी, पण त्याच्या येण्यानं सकाळ मजेत जायची हे कबूल करायला हवं.

पनवेलची थंडी म्हणजे पाहुण्यासारखी, आली म्हणेपर्यंत निघते. ती असेतो आम्ही सगळे स्वेटर, कानटोपी, मफलर उरकून घेतो. त्या जानेवारीत त्यानं अख्ख्या वर्गाला पोपटीला बोलावलं. रायगडात राहून पोपटी न खाल्लेला माणूस विरळा. तरी कोणी असेल तर सांगते: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, मीठ. पाण्याचा थेंब नाही की तेल नाही. तोंडात पाला कोंबायचा, मडकं पालथं घालायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा.

ओवे गावात त्याच्या घरामागे अजून एक शेताचा तुकडा शिल्लक होता. तिन्ही बाजूंनी इमारती उठत होत्या. आम्ही संध्याकाळी पोचलो तरी लोखंड कापण्याचं, काँक्रीट कालवण्याचं काम चालूच होतं. एकमेकांशी बोलायला ओरडावं लागत होतं. त्याच्या बायकोनं मला पाट दिला आणि म्हणाली, "बघा बाई, दिवसभर असंच. हे घरान आडवे होतात, पन झोपत नाय. नुसते छताकडं बघत ऱ्हातात."

सहा वाजले आणि कामं थांबली. एकदम इतकं शांत झालं की पेंढ्याचा चटचट आवाज ऐकू यायला लागला. तिनं मडक्यावर पाण्याचा शिपका मारला. पाणी चर्र करून उडून गेलं. "झाली," ती म्हणाली. मडकं उलटलं, तो वास सुटला आणि देसाईंनी गेल्या कित्येक वर्षांतलं पथ्य तिथेच सोडलं.

सगळे शेंगा सोलण्यात रंगले होते तेव्हा तो माझ्याशेजारी येऊन बसला. नेहमीचं हसू नव्हतं.

"बाई, एक सांगतो. मागच्या हप्त्यात पहाटे कंटेनर वर उचललेला, आणि माझा डोळा लागला."

मी हातातली शेंग खाली ठेवली.

"पळभरच. डोळे उघडले तर डबा तसाच लटकत होता. हळू खाली ठेवला, उतरलो. खाली पोरं काम करतात, बाई. साहेबाला सांगितलं तर यंत्रावरून काढतील. नाय सांगितलं, आणि परत लागला तर?" त्यानं विस्तवात काडी सारली. "दिवसपाळी मागितली हाय. नंबर लागाया येळ हाय."

मला भीती वाटली. इतके दिवस आम्ही ज्याच्या झोपेवर हसत होतो, तिच्याखाली कोणाची तरी पोरं उभी होती. मी म्हटलं, "उद्याच्या उद्या साहेबांना सांग. आजच्या आज रजा टाक."

"रजा टाकली हाय चार दिवसांची," तो म्हणाला. "त्यात झोप लागाया शिकायचं हाय. साहेबाला पन सांगतो. बाई, तुमचा आवाज भरून द्या."

सिलिंडर भरून मागावा तसं त्यानं मागितलं. मी म्हटलं, शवासनाच्या सूचना आज घरी जाऊन रेकॉर्ड करते.

"ते नको. घरी एकटा असलो की अंगठा सोडला का नाय ते बघत बसतो. तुमी तह द्या. पुरंदरचा."

आता मात्र मला राग आला. तीस-बत्तीस वर्षं मी तो तह जीव ओतून शिकवला. मिर्झाराजांचा वेढा, मुरारबाजींचं शौर्य. पण त्याच्या डोळ्यांखाली इतकं काळं होतं की राग टिकला नाही.

घरी येऊन मी मोबाईलसमोर बसले आणि सगळा धडा सांगितला, पुस्तक न उघडता. मुद्दाम एका सुरात बोलायची गरज पडली नाही. शेवटी मोगलांना दिलेले तेवीस किल्ले ओळीनं म्हटले: पुरंदर, वज्रगड, कोंढाणा, रोहिडा, लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना... मध्येच कुकरची शिट्टी झाली. मी त्याला कळवलं की पुन्हा करून पाठवते. त्याचं उत्तर आलं, "राहू द्या. शिट्टीपर्यंत मी जागा नसणारच."

तो कानात माझा आवाज घालून झोपायला लागला. बाहेर इमारती चढत होत्या आणि आत हा किल्ले देत होता. पहिल्या दिवशी लोहगडापर्यंत पोचला, म्हणाला. पुढे कोंढाण्याच्या पलीकडे कधी गेलाच नाही. साहेबांनाही त्यानं सांगितलं होतं. त्यांनी काही दिवस त्याला यंत्रावरून उतरवून फाटकावर बसवलं, पण काढलं नाही. डोळ्यांखालचं काळं ओसरलं. शवासनाला येणं मात्र कमी झालं, आणि देसाई एकदा वर्गानंतर मागे रेंगाळून मला म्हणाले, "बाई, तो तह माझ्याकडेही पाठवता का? अभ्यासासाठी." म्हात्रेकाकूंनी अभ्यासाचं नावही घेतलं नाही, सरळ झोपेसाठी मागितला.

मग एका सकाळी तो चक्क वेळेवर आला, सगळ्यांच्या आधी. सगळी आसनं केली, वाईट केली, पण केली. शवासनात रुमाल नाही आणि घोरणंही नाही. मी "सावकाश उजव्या कुशीवर वळा" म्हणाले, तोच हा उठून बसला.

"बाई, काल झोप पुरी झाली. म्हटलं, पुढं काय हाय ते ऐकावं. तर त्यात कर्नाळा?"

"हो."

"आपला कर्नाळा? इथून दिसतो तो? आणि प्रबळगड पन?"

"दोन्ही दिले."

"एवढी वर्षं कोणी सांगितलं नाय मना," तो म्हणाला. त्याला खरोखर वाईट वाटलं होतं. "मग? मग पुढं काय झालं?"

वाचकहो, शिक्षकाला पगार मिळतो, निवृत्तिवेतन मिळतं, निरोपाची शाल मिळते. हा प्रश्न मात्र मिळत नाही. 'परीक्षेला आहे का' एवढंच कायम ऐकलेल्या मला तो शवासनात मिळाला. माझा आवाज, जो कधी वर गेला नव्हता, तो हलला. मी तिथेच मांडी घालून सांगायला बसले. आग्रा, सुटका, आणि मग एकेक किल्ला परत घेणं, त्यात आपला कर्नाळाही. हॉलमध्ये कोणी झोपलं नाही. देसाईंचा चहा घरी गार झाला.

पुढच्या महिन्यात त्याचा दिवसपाळीचा नंबर लागला. तो पुन्हा यंत्रावर बसला, रात्रीचा घरी झोपू लागला आणि सकाळी आमच्या वेळेला कामावर असू लागला. म्हणजे आमच्याकडे यायचं कारण संपलं. चांगलीच गोष्ट. तरी शवासनाच्या आधी मी अजून दाराकडे बघते, आणि खिडकीखालची जागा कोणी घेत नाही.

या थंडीत एका रविवारी त्याचा फोटो आला. कर्नाळ्याच्या सुळक्याखाली तो, बायको आणि दोन मुली, चौघांच्याही कानटोप्या. खाली लिहिलं होतं, "बाई, कर्नाळा घेतला परत."

मी तो वर्गात फिरवला. देसाईंनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिला.

"मग आता राहिले किती?" त्यांनी विचारलं.

"बावीस," मी म्हटलं.