"येतो" म्हटल्यावर विचारायचं नसतं

आधीच सांगते, मी रामदासपेठेतल्या एका लॅबमध्ये दिवसभर रक्त तपासणारी बाई आहे. स्लाइडवर जे दिसत नाही ते नसतंच, असा माझा खाक्या. या ग्रुपवरचे अनुभव वाचून मी आजवर हसतच आले... तुम्हीही खुशाल हसा, पण शेवटपर्यंत वाचा. मला मदत हवी आहे.

गेल्या फाल्गुनातली गोष्ट. माझा नवरा प्रफुल्ल हिंगण्याला कंपनीत आहे. त्याची शिफ्ट, माझी ड्युटी — महिन्यातून एखादाच रविवार दोघांच्या वाट्याला येतो. त्या रविवारी तो म्हणाला, "चाल, तुले आईचं माहेर दाखवतो."

"ते तर धरणाच्या पाण्यात गेलं नं?"

"उन्हाळ्याच्या तोंडाशी थोडंसं वर येते."

कुहीच्या पुढे बॅकवॉटर लांबवर पसरलंय. दुपारी चारला आम्ही गाडी एका पळसाखाली लावली आणि काठाकाठाने चालायला लागलो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला नुसता लालभडक पळस. लग्नाला सहा वर्षं झाली, तरी त्याने हात धरला तेव्हा मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! फक्त एक गोष्ट खटकली. एवढ्या पाण्यावर एकही पक्षी नव्हता.

पाणी ओसरलं होतं तिथे घरांचे चौथरे उघडे पडले होते. भेगाळलेल्या काळ्या मातीवरून आम्ही त्यातल्या एकावर चढलो. तिथे पन्नाशीची एक बाई मोहाची फुलं वाळत घालत बसली होती. वर न पाहताच म्हणाली, "कोनाचा गा तू?"

प्रफुल्लने आईचं नाव सांगितलं, "सुमनचा."

"सुमीचा पोरगा! बस, जेवून जाय."

"नाही माय, उशीर होऊन राहिला. येतो."

आपल्यात निघताना कुणी "जातो" म्हणत नाही. आपण "येतो" म्हणायचं, समोरच्याने "ये" म्हणायचं, विषय संपला. पण त्या बाईने मान वर केली आणि विचारलं, "कवा?"

मला कसंतरीच झालं. "येतो"वर असं कुणी विचारतं का? पण प्रफुल्लला मस्करीची भारी खोड. "पुढच्या फागुनात, माय. पयस फुलला का आलोच समज."

"मंग सैपाक करून ठेवीन," ती म्हणाली आणि तिने त्याच्या हातात मूठभर मोहफुलं दिली. माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

काठावर येऊन मी मागे वळले... चौथरा पाण्यात होता. चारही बाजूंनी पाणी, आमच्यापासून चांगला तीस-चाळीस फूट आत. बाई नव्हती. आमच्या पावलांचे ठसे पाण्यातून निघून काठावर आले होते, आणि आमचे जोडे कोरडे होते. मी वाकून हात लावून पाहिला.

"चाल," एवढंच तो म्हणाला. घर येईपर्यंत त्याने गाडी कुठेच थांबवली नाही.

सासूबाई पोळ्या लाटत होत्या. "पानी चढलं असंन," म्हणाल्या. मलाही तेच ऐकायचं होतं. पण तिने "कवा" विचारल्याचं सांगितलं आणि त्यांचं लाटणं थांबलं.

"द्वारका," त्या म्हणाल्या. "तिचा नवरा 'येतो' म्हनून घरून निघाला, तो आलाच नाही. तवापासून जो 'येतो' म्हने त्याले ती विचारे — कवा? आमी पोरी तर तिच्यापुढं मुद्दाम 'जातो'च म्हनत होतो वं." मग हळू आवाजात, "गाव उठायच्या आधीच मेली ती." आणि एकदम प्रफुल्लवर ओरडल्या, "तू काहून कबूल केलं रे?"

ती मोहफुलं मी लॅबमध्ये नेऊन मायक्रोस्कोपखाली पाहिली. साधी मोहफुलं निघाली.

त्या दिवसापासून प्रफुल्लने घरातून निघताना "येतो" म्हणणं सोडलं. नुसता जोडे घालून कंपनीच्या बससाठी निघायचा. आधी मी चिडवायचे, पुढे तेही सोडून दिलं.

आता पुन्हा फाल्गुन लागलाय. आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावरचा पळस परवा फुलला. आज सकाळी प्रफुल्ल डबा घेऊन दारात थांबला आणि बाहेर बघत म्हणाला, "येतो."

वर्षभराने तो शब्द ऐकून मला इतका आनंद झाला, की पोळी तव्यावर सोडून मी दाराशी धावले. "लवकर ये," म्हटलं.

तो वळला. चेहरा अगदी शांत होता. "तुले नाही म्हटलं वं."

याचं काहीही स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. उद्या रविवार आहे. गाडीची किल्ली मी माझ्या पर्समध्ये लपवून ठेवली आहे, पण त्याने ती अजून मागितलेलीच नाही. एकदा दिलेला "येतो" परत कसा घेतात, हे तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर कृपा करून आजच लिहा...