भांगाचा निरोप

बैलगाडी सहज जाईल एवढी खांड बांधाला पडली होती, आणि ती बुजवणारी टोळी वर डोंगरात, सूर्यमाळला घरी बसून होती. डेप्युटी साहेबांनी मला जीपमध्ये बसवलं.

"सावंत, माणसं घेऊनच या. नाही आली तर तुम्हीही येऊ नका."

मी तेव्हा किनाऱ्यावर खारबंदिस्तीच्या कामावर ओव्हरसियर होतो. खारबंदिस्ती म्हणजे खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला मातीचा बांध. त्याला खांड पडली की भरती थेट भातखाचरात येते. एकदा मीठ मुरलं की पुढची काही वर्षं तिथं भाताचं नाव घ्यायचं नाही. आणि ही खांड बुजवायची ती भांगात. पुनवेला-अवसेला समुद्राला उधाण असतं. मधे अष्टमीच्या आसपास भरती मवाळ होते, तिला किनाऱ्यावर भांग म्हणतात. तेवढ्यात काम उरकलं नाही, तर अवसेचं उधाण उरलासुरला बांधही घेऊन जाणार होतं.

ओहोटीच्या वेळात कमरेएवढ्या चिखलात उभं राहून माती हातोहात पुढं देणं हे येरागबाळ्याचं काम नाही. लखमाची टोळी त्यात तरबेज. ही माणसं दिवाळीनंतर खाली कामाला येत, शिमग्याला घरी जात. परत या, असा निरोप साहेबांनी जव्हारच्या करीमशेठकडं दिला होता. ते आम्हाला घमेली-फावडी पुरवायचे आणि टोळी जिथं बाजाराला येई त्या खोडाळ्यातही दुकान लावायचे. आधी त्यांनाच गाठलं.

"निरोप दिला नाहीत का?"

"दिला ना साहेब, शब्दाला शब्द! 'भांगाला या, बायकांनाही आणा, साहेबांनी खास बोलावलंय.' लखमानं ऐकलं आणि तोंड फिरवून गेला."

माझ्या डोक्यात तरीही उजेड पडला नाही. जीप गेली तिथवर गेलो, पुढं पायी चढलो. लखमा अंगणातच होता, पण उठला नाही. त्याच्या बायकोनं, जानकीनं, पाणीही विचारलं नाही. उन्हाळ्यात तिथं पाण्याचे हाल असतात, पण आल्यागेल्याला घोटभर पाणी मिळतंच. काहीतरी बिनसलं होतं.

"लखमा, आला का नाहीस?"

"आमी भांग नाय पीत, सायेब."

 जानकी ओट्यावरून कडाडली, "शिमग्याची भांग प्याया बोलावता, ती पण बायांना घेऊन? काम देता म्हून काहीपण?"

मला हसू फुटलं, आणि प्रकरण आणखी चिघळलं. लखमा उठून चालायलाच लागला. त्याला आडवा जाऊन मी भांग म्हणजे काय ते सांगितलं.

"चार वरसं राबतो तुमच्याकडं," लखमा म्हणाला, "हा शब्द कोनी सांगितला नाय."

खरंच नव्हता सांगितला. साइटवर आम्ही फक्त 'उद्या या', 'परवा या' म्हणत असू. का, ते आम्हाला ठाऊक होतं. तेवढं पुरे वाटायचं.

"येतू," जानकी म्हणाली. "पन मोठ्या सायबानं बायांसमोर हे सांगून माफी मागाया पायजे. मंगच पाटी उचलू."

मी हो म्हटलं खरं, पण डेप्युटी साहेब स्वतःच्या वरिष्ठांपुढं कधी नमले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ओहोटी लागली. बाया बांधावर पाट्या पालथ्या घालून त्यांवर बसल्या. मी साहेबांना जानकीची अट सांगितली. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, मग खांडीकडं. पाणी उतरत होतं. ते चढायला लागलं की दिवस वाया जाणार होता.

"भांग म्हणजे लहान भरती," साहेब मोठ्यानं म्हणाले. "निरोप नीट गेला नाही. बायांनो, माफ करा."

जानकी उठली, पदर खोचला. "हां. आता माती द्या."

भांग सरायच्या आत खांड बुजली. अवसेचं उधाण बांधावर आपटून परत गेलं. खाचरात थेंब आला नाही. साहेबांच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं, ते मात्र त्यांनी खारा वारा म्हणून खपवलं.

पुढं प्रत्येक कामाआधी साहेब टोळीला बसवून, हे का करायचं, ते समजावून सांगत. कॉन्ट्रॅक्टर कुरकुरला, की वेळ फुकट जातो, तर म्हणत, "आधीच सांगून टाकावं. ओहोटीत माफी मागायची म्हणजे फार घाई होते."