शिडी नव्हे, शीड

मयत: रंगनाथतात्या, वेल्डर, राहणार केदारखेड्याजवळ. दिवस: पोळ्याचा दुसरा. ठिकाण: गावामागील धरण. साक्षीदार: मयताची पत्नी कौसाबाई; काठावर म्हशी धुणारे सखाराम; आणि प्रस्तुत लेखक, अर्जनवीस, शिक्षण सातवी, अनुभव बावीस वर्षे.

तात्या कोणतीही वस्तू आधी एका बोटावर तोलून पाहत, मगच तिला वेल्डिंग करीत. माझे पेनही त्यांनी तोलले होते. “टोपणाकडून जड हाय, साहेब. म्हणून तुमचे अर्ज लवंडतेत.”

धरणामुळे त्यांचे शेत पलीकडच्या काठाला राहिले. रस्त्याने जाण्यात अर्धा दिवस मोडे. जालन्याच्या भंगारात त्यांना समुद्रकिनाऱ्यावर पर्यटकांना फिरवायची जुळी नाव मिळाली: फायबरच्या दोन पोकळ होड्या, मध्ये ताणलेले जाळे, दोघांनी उचलावी इतकी हलकी. तिचा शिडाचा खांब मोडलेला होता. तेथेच दुसऱ्या, मोठ्या नावेचा खांब व शीड पडलेले होते. तात्यांनी तेही आणले.

“एवढा खांब हिला पेलेल?” मी विचारले.

“जसाच्या तसा बिलकुल न्हाई. वारा वरून ढकलतो, मंग एक होडी उचलती अन् दुसरी नाक खुपसती. म्हणून खांब हातभर कापून राह्यलो, बूड वीतभर मागं घेऊन राह्यलो. कापड मोठं हाय, ते खालून दोन घड्या घालून बांधायचं.”

धरणात नाव चालविण्याच्या परवानगीचा अर्ज लिहिण्याचे काम माझ्याकडेच आले. “लिहा, नावेला मोठं शीड लावतो.” ‘शीड’ हा शब्द मला अशुद्ध वाटला. मी तो सुधारून ‘शिडी’ असा लिहिला व वाचून दाखविला.

“साहेब, शिडीवर माणूस चढतो. शिडात वारा चढतो.”

“कागदाची भाषा मला शिकवू नका, तात्या.”

“लिहा मंग. पाण्याला कुठं वाचता येतंय!” म्हणत त्यांनी हसून सही केली.

उत्तर आले नाही; वाट पाहून तात्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघाले. सखारामांनी पाहिले: मध्यावर वावटळ आली, नाव उलटली, खांब गाळात रुतला. तात्या शिडाखाली अडकले होते.

चौकशीला आलेल्या साहेबांच्या हाती माझाच अर्ज होता. त्यांनी नोंदविले, ‘नावेत मोठी शिडी उभारून चढत असता निष्काळजीपणामुळे तोल जाऊन मृत्यू.’ गावात हसू झाले. कौसाबाई रोज माझ्यासमोर येऊन बसतात. “ज्यानं जल्मभर तोल पाह्यला, त्यो तोल जाऊन मेला म्हणतेत. तुम्ही लिव्हलं, तुम्हीच खोडा.”

मी दुरुस्तीचे चार अर्ज केले. प्रत्येक वेळी माझाच पहिला अर्ज जोडून ते परत आले.

जप्त केलेले शीड कचेरीच्या आवारात पडून आहे. खालच्या दोन घड्यांच्या गाठी अजून जशाच्या तशा आहेत, म्हणजे तात्या त्या दिवशी कापड कमी करूनच निघाले होते. दुसरा पुरावा नाही. आज सकाळी शिपाई जीप झाकायला ते न्यावे म्हणून त्या गाठी सोडायला आला. मी त्यावर बसलो आहे. हा मजकूर तेथूनच लिहीत आहे.

सबब विनंती की, गाठी सुटण्यापूर्वी पाहणी व्हावी. ‘शिडी’ हा शब्द मयताचा नसून माझा आहे, अशी नोंद घ्यावी. ‘निष्काळजीपणा’ हा शब्द मयताच्या नावापुढून काढून माझ्या नावापुढे लिहावा, आणि तसे लेखी उत्तर कौसाबाईंच्या हाती द्यावे.