गच्चीवरचा फोटो

भुतंखेतं, संकेत-बिंकेत... मी कायम टर उडवत आलोय. मशीनला जे सांगाल तेवढंच ते करतं, यावर तर माझं पोट चालतं! तरी हे इथे लिहितोय, कारण आईला सांगायची हिंमत नाही.

दोन हजार सहाच्या आसपासची गोष्ट. जर्मनीत इंगोलश्टाटमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत होतो. ऑफिसच्या मशीनवर लिनक्स, म्हणून हौसेने छोटीशी शेल स्क्रिप्ट, म्हणजे चार ओळींचा प्रोग्रॅम, लिहिली – फोल्डरमधला कुठलाही फोटो उचल, डेस्कटॉपवर लाव, दहा मिनिटं थांब, पुन्हा तेच. फोल्डरमध्ये आल्प्सचे फोटो, आणि नाशिकहून मावसभावाने सीडीवर पाठवलेले आईचे.

एकदा मीटिंगमध्ये प्रोजेक्टर लावला आणि भिंतभर आई! गच्चीवर कुरडया घालतेय, अंगात गाऊन, खांद्यावर टॉवेल. शेजारी बसणारा श्टेफान म्हणाला, "बरं, ही कोण?"

"आमची शेजारीण," मी म्हणालो. चक्क! जागेवर येऊन आईचे सगळे फोटो उडवले.

त्यानंतर मशीन कितीदा तरी बंद-चालू झालं. नुसते आल्प्स. मग एका बुधवारी कँटीनमधून जेवून आलो, तर स्क्रीनवर आई. तोच फोटो. फोल्डर उघडला – नाही. अख्खं मशीन धुंडाळलं – नाही. दहा मिनिटं उलटून गेली, तरी आई हलेना. शेवटी स्क्रिप्टच बंद केली. श्टेफानला दाखवलं.

"तुझी शेजारीण," तो म्हणाला.

"आई आहे रे ती माझी..."

लाज वाटली हो. एरवी आईला फोन फक्त रविवारी. तसाच बाहेर जाऊन लावला. रिंग वाजतच राहिली. तिकडे संध्याकाळ, दिवेलागणीला आई घराबाहेर नसते. शेजारच्या जोशीकाकूंना लावला, त्यांच्याकडे किल्ली असायची.

आई बाथरूममध्ये पडली होती, सकाळपासून. खुबा मोडलेला. माझी रिंग तिला ऐकू येत होती, उठता येत नव्हतं.

जागेवर परतलो तर स्क्रीनवर आल्प्स. स्क्रिप्ट बंदच होती.

श्टेफान म्हणतो, मशीनच्या मेमरीत कुठेतरी राहिला असेल. असेल बुवा... मला आजवर पटलेलं नाही, आणि दुसरं काही सुचतही नाही.

आई आता काठी घेऊन चालते. घरी येईल त्याला कौतुकाने सांगते, "एवढा लांब, पण माझ्या लेकाला आतून कळलं हो!" मी समोर बसून निमूट चहा पितो.

मला आतून काहीच कळलं नव्हतं, आई. मी तर तुझे फोटो उडवले होते.