आखाड्यावरची हिरवी टिक

"अगं, हे तुझं ॲप नुसतं गोल गोल फिरून राहिलंय," दादा फोनवर म्हणाले. "घाण्याच्या बैलावानी. मी तवर एक बिडी ओढून आलो."

दादा म्हणजे माझे वडील. अर्धापूरजवळ आमची केळीची बाग आहे आणि मी लातूरला एका छोट्या कंपनीत प्रोग्रॅमर आहे. तिकडच्या काही केळी व्यापाऱ्यांनी मिळून आम्हाला काम दिलं होतं. शेतकऱ्यानं मोबाईलवरून कटाईची टोळी आणि गाडी बुक करायची, आपला दिवस धरायचा, बस्स. एवढ्याशा कामाला मी तीन महिने डोकं घासत होते. मोठ्या कौतुकानं ते सगळ्यात आधी दादांच्या मोबाईलवर टाकलं, तर त्यांनी ही पावती दिली. मला असा राग आला म्हणता! त्यांचा आला का त्या फिरणाऱ्या चाकाचा, ते अजूनही सांगता येत नाही.

या कामाचे दोन भाग होते. मागचा भाग सर्व्हरवर, जावामध्ये लिहिलेला. तो आमच्या सरांचा. सर उदगीरकडचे, पन्नाशीचे, चहा बशीत ओतून पिणारे. त्यांनी फार वर्षांपूर्वी उभी केलेली जावाची चौकट अजूनही आमच्या निम्म्या गिऱ्हाइकांचं काम ओढत होती. तिची रीत जुन्या कारकुनाची. बटण दाबलं की अख्खं पान सर्व्हरकडं जाणार, तिथं तपासलं जाणार, मगच उत्तर परत येणार. भरत असलेला फॉर्मही सर्व्हरच सांभाळून ठेवणार, एका लॉगिनला एक. पुढचा भाग माझा, जावास्क्रिप्टमधला. तो मोबाईलच्या आतच पळतो, बोट लावलं की लगेच हलतो. या दोघांचा संसार लावून द्यायचं काम माझ्या गळ्यात होतं, आणि दोघांचं एक दिवसही पटत नव्हतं.

"ताई," सर म्हणायचे, "तुझ्या मोबाईलला वाटतं, खरं काय ते आपल्यापाशी हाय. माझ्या सर्व्हरला वाटतं, आपल्यापाशी हाय. एका घरात दोन कारभारी झाले हे. शेवटचा शब्द कुणाचा, ते आधी ठरव."

"सर, तुमच्या सर्व्हरचा शब्द येईपर्यंत माणूस म्हातारा होतो," मी म्हणाले. मी तशी तोंडाळच आहे. सर हसले आणि बशी तोंडाला लावली.

दादांचा फोन आला त्याच दुपारी मी ते चाक काढून टाकलं. आता बटण दाबताक्षणी मोठी हिरवी टिक यायची आणि खाली अक्षरं, 'तुमची गाडी बुक झाली.' खरी नोंद मागून जायची, रेंज मिळेल तेव्हा, गुपचूप. बहुतेक वेळा पोचतेच की, असं मी स्वतःला समजावलं. सरांनी ते बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"आधी टिक, मग विचारणार? म्हणजे आधी अक्षता टाकायच्या आणि मग पोरगी बघायला जायचं!"

"बहुतेक लग्नं टिकतातच की, सर."

दुसऱ्या दिवशी दादांचा फोन. "आता कसं! बोट लावलं की टिक. लई भारी केलं बघ तू." दादा माझं कौतुक करत नाहीत. दहावीला पहिली आले तेव्हा "हं" म्हणाले होते. त्या एका "लई भारी"वर मी ऑफिसात सगळ्यांना भजी खाऊ घातली. सरांनीही खाल्ली.

श्रावण तोंडावर आला आणि कटाईला जोर चढला. आमच्या बागेतले घड भरले होते. केळी हिरवीच कापावी लागते. झाडावर घड पिवळा पडला तर व्यापारी त्याला हात लावत नाही, कारण एक पिवळा घड वाटेत अख्खी गाडी पिकवतो. म्हणून टोळी ठरल्या दिवशीच यावी लागते. आमचा दिवस मंगळवार होता. मंगळवारी सकाळी मी डबा भरत होते आणि फोन वाजला.

"टोळी आली न्हाई," दादा म्हणाले. "बांधाच्या पलीकडं आली. तिथं कापून राहिलेत."

मी डबा तसाच टाकून ऑफिसला पळाले. सर्व्हरवरची यादी उघडली. दादांच्या लॉगिनवर एकच नोंद होती, आणि तिच्यात नाव होतं बांधापलीकडच्या शेजाऱ्याचं. दादांचं नाव नव्हतंच.

"दादा, फॉर्म कुठं बसून भरला?"

"आखाड्यावर. आम्ही पाचजण होतो ना. त्यांच्याकडं कुठं हाय असलं ॲप? म्हणलं, आणा, माझ्यावरच भरू सगळ्यांचं. पाचीच्या पाची टिका आल्या."

आखाडा म्हणजे शेतातला आमचा गोठा आणि त्याच्यापुढची बसायची जागा. तिथं रेंज नाही, कधीच नव्हती. माझ्या टिकेला रेंज लागतच नव्हती, ती पाच वेळा उगवली. मग ही मंडळी चहाला फाट्यावरच्या हॉटेलात आली, मोबाईलला रेंज मिळाली आणि पाचही फॉर्म एकदम सर्व्हरकडं धावले. सर्व्हरकडं एका लॉगिनला जागा एकाच फॉर्मची. पहिल्यावर दुसरा बसला, दुसऱ्यावर तिसरा. शेवटचा तेवढा वाचला. दादांनी स्वतःचा पहिला भरला होता.

एका मोटारीवर पाच शेतं भिजवणारी ही माणसं. एका घरच्या बैलजोडीनं पाच घरांची पेरणी उरकणारी. ती एका मोबाईलवर पाच जणांचं बुकिंग करणार, हे एखाद्या पुण्याच्या पोरीला सुचलं नसतं तर माफ होतं. मी त्याच आखाड्यावर बसून बारावीचा अभ्यास केलाय. मला का सुचू नये?

उद्याच्या यादीत एकच जागा रिकामी दिसत होती. माझे हात शिवशिवायला लागले. मागच्या दारानं नाव घालणं मला दोन मिनिटांचं काम.

"दादा, उद्याची एक गाडी आहे. तुमचं नाव घालते. कुणाला कळायचं नाही."

दादांनी लगेच विचारलं,

"आन् बाकीच्या तिघांचं?"

"जागा एकच आहे, दादा."

"मग राहू दे. ज्याचा नंबर लागंल त्याचा लागंल. आन् ऐक, तू कुठं काही बोलू नको. मी सांगितलंय सगळ्यांना, माझंच बोट चुकीचं पडलं म्हणून."

मला वाटलं, फोन भिंतीवर आपटावा. उठले, बसले, पाणी आणायला गेले आणि रिकामी बाटली घेऊन परत आले. सरांना सगळं सांगितलं. त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"एका लॉगिनला एकच फॉर्म, हे तर माझंच शहाणपण हाय," ते म्हणाले. "ते मी आज मोडतो. तू गावाकडं जा. इथं बसून तू कीबोर्ड फोडशील."

लातूर ते नांदेड बसमध्ये मी एक क्षण शांत बसले नाही. अहमदपूर आलं, लोहा आलं, आणि मी प्रत्येक थांब्यावर मोबाईल काढून तीच यादी बघत होते. जसं काही बघून बघून दादांचं नाव तिच्यात उगवणार होतं. शेजारच्या बाईंनी शेवटी विचारलंच, "घरी कुणाचं बरं न्हाई का, माय?"

नांदेडला गाडी बदलून फाट्यावर उतरले तर हॉटेलात दादा बसलेले, आणि भोवती तेच चौघं. "म्हाताऱ्याला मोबाईल दिला की असंच," एकजण म्हणत होता. "आमच्या बागा बुडवल्या ना राव!" दादा खाली बघून हसत होते. माझे वडील असे खाली बघून हसत नाहीत. मला ते बघवेना.

"त्यांचं बोट नाही चुकलं," मी म्हणाले. "माझं चुकलं. नोंद पोचायच्या आधीच मी टिक दाखवली. ती टिक खोटी होती."

मग तोच माणूस म्हणाला, "म्हंजे लेकीनंच बापाची बाग पिकवली की!" आणि सगळे हसले. दादा मात्र आता हसले नाहीत. उठले आणि घराच्या वाटेला लागले, मी मागं मागं.

"गप बस म्हणलं होतं ना तुला," वाटेत ते एवढंच म्हणाले. "माझं काय, दोन दिवस हसले असते."

रिकामी जागा बाकीच्या तिघांतल्याच एकाला मिळाली. आमचा नंबर पुढच्या आठवड्यात लागला. तोवर पाऊस उघडला, ऊन तापलं आणि बागेत पिवळे घड दिसायला लागले. दादांनी ते स्वतःच कोयत्यानं उतरवले. गावात वाटले, शाळेत दिले, उरलेले म्हशीपुढं टाकले. एक केळ सोलून त्यांनी माझ्या हातात दिलं. "खा. गोड हाय." लाज वाटली, रडू आलं, आणि ते केळ खरंच गोड होतं.

मी चाक परत आणलं. आता सर्व्हरनं होकार दिल्याशिवाय टिक येत नाही. रेंज नसेल तर मोबाईल साफ सांगतो, 'अजून बुकिंग झालेलं नाही.' एका मोबाईलवरून कितीही जणांचं बुकिंग होतं, आणि दरेकाच्या नावाची वेगळी टिक लागते. सरांनी आणि मी मिळून ते केलं, या वेळी न भांडता.

लोक अजूनही दादांच्याच मोबाईलवर भरतात, फक्त आता फाट्यावर रेंजमध्ये बसून. पण टिक लागली की दादा मला फोन करतात, मग मी मीटिंगमध्ये असो की बसमध्ये.

"टिक लागलीय. खरी हाय ना?"

मी सर्व्हरची यादी उघडते, एकेक नाव डोळ्यानं बघते, आणि मगच म्हणते, "हाव दादा, खरी हाय." ते फोन कानाला तसाच धरून मागं वळतात आणि ओरडून सांगतात, "जावा रे आता घरी. पोरगी हाव म्हणली."