साडेअकराचं पाणी

साडेअकराला किल्ल्यातून बाहेर पडायचं, हे मला माहीत होतं. मला एकट्यालाच माहीत होतं. किनाऱ्यावर चहा विकणाऱ्या बाईनं ते मला दोनदा बजावून सांगितलं होतं आणि मी ते बाकीच्या तिघांच्या कानावर घातलं नाही. पुढे जे झालं त्याचं खापर मी दुसऱ्याच्या डोक्यावर फोडलं आणि वर कितीतरी वर्षं त्याची गंमत करून सांगितली. म्हणून आधी हे सांगून टाकतो.

ज्यांच्या डोक्यावर खापर फोडलं, ते माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बहिणीला आम्ही अक्का म्हणायचो आणि त्यांना नाना. भडगावजवळच्या एका गावात त्यांची कापसाची आणि केळीची शेती होती. पण आसपासच्या गावांत त्यांची ओळख वेगळीच होती. नाना पाणाडे होते. कुणाला विहीर खणायची असली की बैलगाडी किंवा फटफटी पाठवून नानांना बोलवून नेत. नाना वहाणा काढून ठेवत, तळहातावर नारळ आडवा धरत आणि शेतभर अनवाणी चालत. चालता चालता एका जागी थांबत आणि म्हणत, "आठे शे." बस, एवढंच. मोबदला म्हणून तो नारळ तेवढा घरी आणायचे. नारळ हातावर खरंच फिरतो का, हे मी त्यांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "नारळ लोकास्ले दखाडाले. मी जमीन दखस." गवताचा रंग, वारुळं, उंबराची झाडं, सकाळी कुठं दव टिकतं, हे सगळं ते बघत.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मी तेव्हा जळगावात एका डाळमिलमध्ये कारकून होतो आणि पिंप्राळ्यात दोन खोल्यांत राहत होतो. बायकोची मावसबहीण कोकणात समुद्रकाठच्या गावी शिक्षिका होती. तिनं बोलावलं, आणि अक्का-नानांनी समुद्र कधी पाहिला नव्हता, म्हणून आम्ही चौघं एसटीनं निघालो. मीसुद्धा समुद्र पाहिलेला नव्हता. पण निघण्याआधी मी वाचनालयातून किल्ल्यांवरचं एक पुस्तक आणून वाचलं होतं, त्यामुळे समुद्राबद्दल बोलण्याचा अधिकार आपलाच, असं मी धरून चाललो होतो. धुळ्यापासून जी माहिती सांगायला लागलो ती उतरेपर्यंत थांबलो नाही. अक्का शेवटी म्हणाली, "तुन्हं तोंड दुखत नही का रे भाऊ?"

किल्ल्याचं नाव लिहीत नाही. चूक माझी, किल्ल्याची नाही. किनाऱ्यापासून पाऊण मैलावर पाण्यात उभा असलेला जुना किल्ला. ओहोटीला मधली वाळू उघडी पडते आणि पायी जाता येतं. आत कुणी राहत नव्हतं. मराठेशाहीतल्या तोफा होत्या आणि समुद्राकडच्या बुरुजावर दुसऱ्या महायुद्धात बांधलेली काँक्रीटची एक टेहळणीची खोली होती. शत्रूची जहाजं दिसतात का, हे पाहायला तिथे शिपाई बसत. मला त्या खोलीचं फार आकर्षण होतं. मिलमधल्या मित्राचा कॅमेरा मी मागून आणला होता आणि त्या खोलीच्या खिडकीशी दुर्बीण लावल्यासारखा हात धरून उभा असलेला माझा फोटो मला काढून हवा होता. आता हे लिहिताना लाज वाटते, पण सगळं रामायण त्या फोटोपायी झालं.

बाकीचे तिघं पुढे निघाले. मी चहाचे पैसे देत मागे थांबलो. तेव्हा ती बाई म्हणाली, "भाऊ, घड्याळ आहे ना? साडेअकराला बाहेर पडा. पाणी भरायला लागलं की वाट राहत नाही." मी हो म्हटलं. चार पावलं गेलो तर पुन्हा ओरडली, "साडेअकरा!"

ते मी इतरांना का सांगितलं नाही? एक तर सांगितलं असतं तर अक्कानं अकरालाच परत फिरवलं असतं आणि फोटो राहिला असता. दुसरं कारण आमच्या मातीतलं. आमच्याकडे पाण्याची वेळ ही नुसती सांगण्यापुरती असते. धरणातून आवर्तन सुटलं, सोमवारी पाटाला पाणी येणार, असं जाहीर होतं. शहाणा शेतकरी सोमवारी घरी झोपतो, बुधवारी पाटावर चक्कर मारून येतो आणि पाणी येतं शुक्रवारी. तेही आलं तर घोट्याएवढं. लहानपणापासून हेच पाहिलेलं. त्यामुळे साडेअकरा म्हणजे एक-दीड तरी धरावा, असा हिशेब मी मनात करून टाकला. समुद्र दिलेली वेळ पाळतो, ही कल्पनाच मला नव्हती.

किल्ल्यात मजा मात्र फार आली. दरवाज्यातून शिरताच वटवाघळं फडफडली आणि माझी बायको माझ्या मागे लपली, तर अक्का पदर खोचून पुढे. पहिली तोफ दिसली तशी तिनं पिशवीतून कुंकवाची डबी काढली, तोफेला कुंकू लावलं आणि हात जोडले. मी म्हटलं, "अक्का, देवी नाही ती, तोफ आहे." ती म्हणाली, "इतली वरीसं आठे एकली बठेल शे, तिले कोणी कुकू लावं का?" मग पुढच्या प्रत्येक तोफेला कुंकू लागलं. बायको म्हणाली, "डबी संपेल." "संपू दे," अक्का म्हणाली.

तटावरून चालताना गवत कमरेएवढं. खाली कोसळलेल्या कोठ्या, एक तुटकी कमान, बकऱ्यांच्या लेंड्या. माझं व्याख्यान चालूच होतं. नाना मात्र ऐकत नव्हते. ते दरवाज्याजवळच्या पायऱ्यांवर मागे राहिले आणि वाळूकडे बघत बसले. सव्वाअकराच्या सुमारास त्यांनी मला हाक मारली.

"भो, पानी फिरनं वाटतं. खेकडे बिळांमा घुसी राह्यनात. निंघूत का?"

मी खाली पाहिलं. मला वाळू होती तशीच दिसली. मी हसलो आणि म्हणालो, "नाना, ही काय गिरणा नदी आहे? तिथलं तुम्ही सांगा, समुद्राचं मला विचारा. अजून दोन तास आहेत."

नानांनी माझ्याकडे पाहिलं, मग वाळूकडे पाहिलं, आणि ते म्हणाले, "बरं. तू शिकेल-सवरेल माणूस."

मग ते आत गेले. किल्ल्याच्या मधोमध एक विहीर होती. चारही बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये ही विहीर. नानांनी उपरण्याच्या टोकाला आमचा लोटा बांधला, कमी पडलं म्हणून बायकोची जुनी ओढणी जोडली आणि पाणी ओढून चाखलं. त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "गोड शे! अक्का, गोड शे!" ते स्वतःच्या बायकोलाही आम्हा सगळ्यांसारखं अक्काच म्हणायचे. मग ते विहिरीभोवती फिरायला लागले, दगड चाचपायला लागले, काठावर पालथे पडून आत डोकावायला लागले. मी तोवर बुरुजावर जाऊन तीन फोटो काढून घेतले. बायकोला कॅमेरा धरता येत नव्हता, म्हणून तीन. तिन्हींत पुढे माझं डोकं अर्धंच आलं.

बाराला दहा मिनिटं असताना आम्ही दरवाज्याशी आलो आणि पायऱ्यांपुढे पाणी होतं. घोट्याएवढं नव्हे. मी बूट हातात घेऊन उतरलो, दहा पावलं गेलो आणि मांड्यांपर्यंत भिजून परत आलो. सकाळी जिथून चालत आलो तिथे लाटा होत्या. अक्कानं विचारलं, "आते?"

त्या क्षणी तोंडून खरं निघालं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण तिघं माझ्याकडे बघत होते, माझी पँट गळत होती, आणि मी म्हणालो, "नाना विहिरीत डोकावत बसले, त्यात उशीर झाला."

नाना उपरण्याला बांधलेली ओढणी सोडत राहिले. अक्का आधी त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग जी हसायला लागली ती थांबेना. "जमीननं खालचं पानी दिसस आनि समोरचं दिसनं नही!" बायकोही हसली. मीही हसलो. नानाही हसले.

आम्ही तीन तास तिथे अडकलो. खरं सांगायचं तर ते तीन तास आयुष्यातल्या चांगल्या तासांपैकी आहेत. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि नानांनी ओढलेलं गोड पाणी. त्या विहिरीचं पाणी नसतं तर त्या ठेच्यानं आमचे हाल झाले असते. अक्कानं तोफेला पाठ टेकून डुलकी काढली. तीनच्या पुढे एक कोळी होडी घेऊन आला. त्यानं विचारलं, "कुठले?" मी म्हटलं, "जळगावचे." तो म्हणाला, "मग बरोबर," आणि त्यानं आम्हाला होडीत घेतलं.

किनाऱ्यावर चहावाली बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. "भाऊ, साडेअकरा सांगितलं होतं ना तुम्हाला?"

मी मागे पाहिलं. अक्का आणि बायको अजून होडीतून उतरत होत्या. नाना माझ्या चार हात मागे धोतर पिळत होते. मी हळूच म्हणालो, "हो, पण आमचे पाहुणे विहिरीपाशी रमले." नानांनी मान वर केली नाही. त्यांना ऐकू गेलं नसावं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

ही गोष्ट मग आमच्या नात्यात गाजली. लग्न असो, बारसं असो, कुणीतरी म्हणायचं, "मामा, समुद्र सांगा." मी सांगायचो. मला चांगली सांगता यायची. विहिरीत डोकावणाऱ्या नानांची नक्कल करायचो, उपरण्याला ओढणी बांधायचो. लोक जेवता जेवता ठसकायचे. गोष्ट गावात गेली, गावातून शेजारच्या गावांत गेली.

पुढे नव्वदच्या दशकात पिंप्राळ्यात आम्ही घर बांधायला काढलं. बोअर घ्यायची होती. बायको म्हणाली, "नानांना बोलवा, जागा दाखवतील." मी नानांच्या गावी गेलो. नाना ओट्यावर सुतळी वळत होते. मी विषय काढला. ते म्हणाले, "मी सोडी दिनं ते."

"का हो नाना?"

"वय व्हयनं." आणि ते गुरांना चारा टाकायला उठून गेले.

अक्कानं मला आतल्या घरात सांगितलं. एका गावी नाना जागा दाखवायला गेले होते. अनवाणी चालत होते, तेवढ्यात बांधावर बसलेल्या कुणीतरी ओरडून म्हटलं, "नाना, समुद्र दिसना नही तुमले, झरा काय दिसी?" सगळे हसले. नानाही हसले. मग त्यांनी नारळ शेतमालकाच्या हातात दिला, वहाणा घातल्या आणि ते घरी आले. त्यानंतर कुणी बोलवायला आलं तर वय झालं म्हणून सांगायचे. "आते कोनी येत बी नही," अक्का म्हणाली. त्याला तेव्हा पाच वर्षं होऊन गेली होती.

मी जळगावला परतलो. बसमध्ये मला अन्न गेलं नाही, झोप उडाली, असं काही झालं नाही. खरं तर मी पाचोऱ्याला उतरून भजी खाल्ली. पण त्यानंतर समुद्राची गोष्ट कुणी सांगायला लावली की मी घसा बसलाय म्हणायचो. अक्काच्या घरी जाऊन नानांना एकट्याला खरं सांगावं, असं पुष्कळदा वाटलं. मग लक्षात आलं की चेष्टा चारचौघांत केली होती, स्वतःचे कान धरायचे तर तेही चारचौघांतच.

त्या हिवाळ्यात नानांच्या शेतात भरीत पार्टी होती. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर ती लांबोडकी हिरवी वांगी भाजायची, सोलून ठेचायची, त्यात मिरच्या, कांद्याची पात, शेंगदाणे, आणि केळीच्या पानावर कळण्याच्या पुऱ्या. दुपारचं ऊन, पंचवीस-तीस माणसं, भावकी, जावई, शेजारी. पानं मांडली आणि अक्काचा जावई म्हणालाच, "मामा, समुद्र!"

मी सुरुवात केली. एसटी, माझं व्याख्यान, तोफांना कुंकू. लोक हसत होते. मग मी चहावाल्या बाईवर आलो. ती बाई त्या गोष्टीत आजवर कधी नव्हती. "तिनं मला सांगितलं, साडेअकराला निघा. दोनदा सांगितलं." काही जण हसले, त्यांना वाटलं मी नवी गंमत जोडली. मी पुढे सांगितलं की नानांनी सव्वाअकराला खेकडे पाहून निघायला सांगितलं होतं आणि मी त्यांना गप्प केलं होतं.

जावई म्हणाला, "म्हणजे मामा, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

हसणं थांबलं. पुरी वाढणारी बाई टोपली घेऊन तशीच उभी राहिली. अक्का माझ्याकडे असं बघत होती की मला तिच्या नजरेला नजर देता येईना.

नाना वांग्याचं साल काढत होते. ते म्हणाले, "खाय रे भाऊ. भरीत गार होई राह्यनं."

"नाना, तुम्ही ऐकलं होतं का? होडीतून उतरलो तेव्हा ती बाई बोलली ते?"

"माले तव्हयच माहीत व्हतं."

"मग बोलले का नाहीत?"

त्यांनी अक्काकडे बोट केलं. "तू हिना भाऊ. तुले चार लोकास्मा खाली कशाले पाडू?"

मी पानावरून उठलो, हात धोतराला पुसायला धोतर नव्हतं म्हणून पँटला पुसले, आणि सगळ्यांच्या देखत त्यांच्या पुढ्यात बसून म्हणालो, "नाना, चूक माझी होती. खोटं मी बोललो आणि वर्षानुवर्षं हसू तुमचं केलं. त्या दिवशी पाणी तुम्हाला दिसलं होतं, दिसलं नव्हतं ते मला. मला माफ करा."