हळू चालणारी इम्पाला

आमच्या एस्पान्योला गावात ईस्टरच्या रविवारी जुन्या गाड्या मुख्य रस्त्यावरून माणसाच्या चालीने मिरवतात. आजोबांची इम्पाला त्यांत दरवर्षी असायची. तिचं इंजिन थकलं, तेव्हा रोमेल्दा मावशीने आपल्या गॅरेजात नवं बसवायचं ठरवलं. आजोबांनी अट घातली, "माझी गाडी थरथरली, तर जुनंच परत बसवायचं."

प्रश्न माउंटिंगचा होता, म्हणजे इंजिन ज्यांवर टेकतं त्या आधारांचा. फाकुंदो मामा शर्यतीत गाड्या पळवायचा. तो म्हणाला, "ताई, लोखंडी माउंटिंग घे. रबर म्हाताऱ्यांच्या गाडीला!"

"मग ही कुणाची आहे रे?" मावशी हसली. "आणि आपण पळतो कुठे? लोखंडातून इंजिनाचा प्रत्येक हादरा थेट सीटपर्यंत येतो. रबर तो गिळून टाकतं."

तिने रबरीच घेतली आणि नव्या इंजिनाला जुळतील अशा त्यांना धरणाऱ्या पोलादी पट्ट्या स्वतः कापून जोडल्या.

रविवारी मी मागच्या सीटवर होते. चर्चपाशी सिग्नलला गाडी थांबली. आजोबा आरशाला टांगलेल्या जपमाळेकडे बघत होते. जुनं इंजिन होतं तेव्हा गाडी उभी असतानाही ती डुलायची. आता ती सरळ लोंबत होती. मावशीने स्टिअरिंग घट्ट धरलं होतं.

सिग्नल हिरवा झाला. आजोबांनी काच खाली केली, हॅट सारखी केली आणि कोपर बाहेर टेकवलं.

"घाई कशाला करतेस, पोरी? अजून हळू घे," ते म्हणाले. "इंजिन कुणाच्या लेकीने बसवलंय, ते लोकांना बघू दे."